यवतेश्वरचं वानर आपला पूर्वज नाही, चिंपांझीही नाही. मग नातं काय?

माणदेशी_मास्तर (धागाकर्ता)

शाळेत विज्ञान शिकवतो, सध्या मुक्काम सातारा. उत्क्रांतीचा धडा आला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "सर, माणूस माकडापासून झाला असेल तर यवतेश्वरच्या घाटात माकडं अजून का दिसतात?" मुलांनी विचारलं तर मला आनंदच होतो. पण हाच प्रश्न शिकली-सवरलेली मोठी माणसं विचारतात आणि विषय संपला असं समजून उठून जातात. तो तिथे संपू नये म्हणून हा धागा काढतोय. जरा लांबेल.

माणूस आजच्या माकडापासून झाला असं विज्ञान म्हणतच नाही. भावकीत चुलतभावाचा आणि आपला पणजोबा एकच असतो. म्हणून आपण काही चुलतभावाच्या पोटी जन्मलो नाही, आणि आपण आहोत म्हणून त्याने नसावं असंही कोणी म्हणत नाही. यवतेश्वरचं काळ्या तोंडाचं वानर आणि महाबळेश्वरला पर्यटकांच्या हातातलं कणीस ओढून नेणारं लाल तोंडाचं माकड, या दोघांची शाखा आणि आपली शाखा साधारण २.५ ते ३ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. त्यानंतर जेवढा काळ आपल्याला मिळाला तेवढाच त्यांनाही मिळाला. ते मागे राहिलेले नाहीत, त्यांची वाट वेगळी.

आपली जी शाखा तिचं नाव एप. गिबन हे लहान एप. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो हे मोठे एप. या मोठ्यांच्या यादीत माणसाचंही नाव आहे. प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात आपण सरळ एपच आहोत. गिबन आणि ओरांगउटान आशियातले, बाकीचे आफ्रिकेतले. या शाखेतून गिबन आधी बाजूला झाले, मग साधारण १.२ ते १.६ कोटी वर्षांपूर्वी ओरांगउटान, मग ८० लाख ते १ कोटीच्या सुमारास गोरिला, आणि शेवटी ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एका बाजूला चिंपांझी-बोनोबोंचे पूर्वज आणि दुसऱ्या बाजूला आपले.

या क्रमातली एक गोष्ट वर्गात सांगितली की मुलं थबकतात. चिंपांझी आणि गोरिला यांचे फोटो शेजारी ठेवा. दोघं केसाळ, दोघंही हाताची बोटं मुडपून पेरांवर भार टाकत चालतात. बघणारा म्हणेल, ही जोडी सख्खी आणि माणूस परका. जनुकं उलट सांगतात : चिंपांझीला गोरिलापेक्षा माणूस जवळचा. २०१२ मध्ये गोरिलाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात आणखी एक बारकावा निघाला. आराखड्याच्या साधारण ३० टक्के भागात माणूस आणि चिंपांझी एकमेकांना जितके जवळ आहेत, त्याहून गोरिला त्यांच्यापैकी एकाला जास्त जवळ आहे. म्हणजे या वाटा एका दिवसात फुटलेल्या नाहीत. मूळ समूहात जनुकांचे जे वेगवेगळे प्रकार होते ते तिन्ही घरांत सरमिसळ होऊन गेले.

आता शेपटी. एप ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे शेपटी नसणं. आईच्या पोटात साधारण पाचव्या आठवड्यात प्रत्येक मानवी गर्भाला छोटी शेपटी असते, आठव्या आठवड्याच्या सुमारास ती जिरून जाते आणि आत माकडहाड तेवढं उरतं. ही शेपटी गेली कशी, याचं एक पटणारं उत्तर २०२४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलं. टीबीएक्सटी नावाच्या जनुकात डीएनएचा एक फिरता तुकडा घुसून बसलेला आहे. तो गिबनपासून माणसापर्यंत सगळ्या एपांमध्ये आहे, शेपटीवाल्या माकडांमध्ये नाही. त्या तुकड्यामुळे जनुकाचा संदेश वाचताना मधला एक भाग गाळला जातो. शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये तसाच परिणाम घडवून आणला, तेव्हा काही पिल्लं आखूड शेपटीची तर काही बिनशेपटीची जन्मली. काही उंदरांच्या पाठीच्या कण्यात जन्मजात दोषही दिसले.

दुसरा पुरावा गुणसूत्रांचा. बाकीच्या मोठ्या एपांमध्ये ४८ गुणसूत्रं, आपल्यात ४६. दोन गेली कुठे? कुठेही गेली नाहीत. त्यांच्याकडची दोन वेगळी गुणसूत्रं आपल्यात टोकाला टोक लागून जोडली गेली आणि आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तयार झालं. गुणसूत्राच्या टोकाला जी डीएनएच्या ठरावीक अक्षरांची माळ असते ती या दुसऱ्या गुणसूत्राच्या मधल्या भागात सापडते, आणि एकाऐवजी दोन सेंट्रोमियरच्या (गुणसूत्राच्या चिमटलेल्या कंबरेच्या) जागा दिसतात, त्यातली एक निकामी झालेली. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी हे पुन्हा पुन्हा तपासलं आहे.

आणखी एक समज घट्ट बसलाय : आधी मेंदू मोठा झाला, मग आपण शहाणे होऊन दोन पायांवर उभे राहिलो. घडलं उलट. १९७४ मध्ये इथिओपियात हदार इथे आपल्या शाखेतल्या एका प्राचीन मादीचा, 'ल्युसी'चा, सांगाडा सापडला, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा. तिच्या जातीचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूपेक्षा थोडाच मोठा, पण मांडीचं हाड आणि कटी सांगतात की ती दोन पायांवर चालत होती. टांझानियात लेटोली इथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं तर ३६ लाख वर्षांहून जुनी आहेत. टाच खोल, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत, मध्ये कमान. आपल्या मेंदूचं आकारमान सरासरी १३५० घन सेंटीमीटर, चिंपांझीचं ४०० च्या आसपास. ही वाढ बरीच नंतरची.

आता तुम्ही लिहा. शंका असतील तर मोकळेपणाने विचारा.

---

कोयनाकाठ

मास्तर, आमच्याकडं पाटण खोऱ्यात दोन्ही जाती रोज बघायला मिळतात. नुकसानीचं दुःख वेगळं, ते इथं काढत नाही. पण शेतात राखणीला बसलं की बारकाईनं बघणं होतं. लाल तोंडाचं माकड भुईमूग उपटतं, शेंगा गालात कोंबतं, गाल फुगेपर्यंत. मग बांधावरच्या झाडावर जाऊन एकेक काढून निवांत खातं. वानर असं करत नाही. ते जागेवर बसून कोवळा पाला ओरबाडतं, चिंचेचा, शेवग्याचा, मिळेल तो, आणि तास-तास बसून राहतं. दोघांत एवढा फरक का? आणि गोरिला कुणाच्या वळणावर गेलाय?

---

माणदेशी_मास्तर

दादा, पुस्तकात एका ओळीत उरकलेली गोष्ट तुम्ही डोळ्यांनी टिपली आहे.

लाल तोंडाच्या माकडाच्या गालात पिशव्या असतात. दुसऱ्याच्या इलाक्यात पटकन भरून घ्यायचं आणि सुरक्षित जागी जाऊन खायचं, ही त्यांची रीत. वानराच्या गटाला या पिशव्या नाहीत. त्याचं वैशिष्ट्य पोटात आहे. त्याच्या जठराला अनेक कप्पे असतात आणि त्यातले जिवाणू पाला आंबवून पचवतात. तो तास-तास बसून राहतो ते याचसाठी, पचनाला वेळ लागतो. आपण चिंचेचा पाला तेवढा खाल्ला तर पोटाचं काय होईल हे वेगळं सांगायला नको. "आजची माकडं माणूस का होत नाहीत" या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. वानर त्याच्या कामात तरबेज आहे आणि ते काम आपल्याला जमत नाही.

एपांना गालपिशव्या नाहीत आणि कप्प्यांचं जठरही नाही. गोरिला पाला भरपूर खातो, पण तो पचतो मोठ्या आतड्यात, म्हणून त्याचं पोट एवढं सुटलेलं दिसतं. चिंपांझी आणि ओरांगउटान मुख्यतः पिकल्या फळांवर. आता रात्री वानरं झोपतात कशी ते बघा. फांदीवर बसल्या बसल्या झोपतात. त्यासाठी बुडाला घट्टे असतात. मोठे एप रोज संध्याकाळी फांद्या वाकवून, विणून झोपायला नवीन गादी करतात आणि तिच्यावर आडवे होतात. गिबन मात्र गादी करत नाही, त्याच्या बुडाला माकडांसारखे घट्टे आहेत.

---

मिरजकर_फिजिओ

मास्तर, खांद्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, ते मी लिहिते. माझा रोजचा धंदाच तो आहे.

वानराच्या धडाचा आडवा छेद डोळ्यांसमोर आणा. छाती अरुंद आणि खोल, खांद्याची फरी छातीच्या कडेला, कुत्र्या-मांजराला असते तशी. चार पायांवर फांदीवरून धावायला आणि उड्या मारायला ती रचना उत्तम. एपांची छाती रुंद आणि चपटी, फरी पाठीवर सरकलेली, त्यामुळे खांद्याचा सांधा बाहेरच्या बाजूला तोंड करून असतो. हात सरळ डोक्यावर जातो, पूर्ण गोल फिरतो, आणि सगळ्या अंगाचा भार एका हातावर पेलता येतो. शाळेतलं पोर वडाच्या पारंबीला लोंबकळून झोका घेतं, मल्लखांबावर हाताने अंग पेलतं, गोलंदाज हात फिरवतो, ते या खांद्यावर. ही रचना लटकत, झोके घेत फिरणाऱ्या पूर्वजांकडून आपल्याला मिळालेली आहे.

किंमतही मोजावी लागते. सांध्याची वाटी उथळ, म्हणून खांदा निखळतो. कुस्ती खेळणारी पोरं माझ्याकडे येतात त्यातली बरीच याच तक्रारीची.

कंबरेचं त्याहून अवघड. चिंपांझीची कटी उंच आणि अरुंद, आपली बुटकी आणि परातीसारखी पसरट, आतले अवयव पेलायला. कण्याला कंबरेत आत वळण घ्यावं लागलं, नाहीतर धड पुढे झुकलं असतं. उभं राहण्याचा सगळा भार त्या वळणावर येतो. ऊसतोडीच्या हंगामात ज्या बाया-माणसांना कंबरेचा त्रास होतो त्यांना मी हेच समजावते : कण्याची ही ठेवण उभं चालायला बेतलेली आहे, वाकून मोळ्या उचलायला नाही. म्हणून वजन उचलताना गुडघ्यात बसा.

आणि युरिक ॲसिड. हल्ली दर दुसरा माणूस त्याचा रिपोर्ट घेऊन येतो. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिकेज नावाचं विकर युरिक ॲसिड पुढे मोडून टाकतं. एपांच्या शाखेत त्याचं जनुक निकामी झालं, म्हणून आपल्या आणि इतर मोठ्या एपांच्या रक्तात युरिक ॲसिड जास्त राहतं. गाऊटची, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याच्या आजाराची, मुळं इतकी जुनी आहेत. खाणंपिणं सांभाळावं लागतंच, पण सगळा दोष ताटातल्या डाळीवर ढकलू नका.

---

कोयनाकाठ

+१ ताई. ऊस भरताना गुडघ्यात बसायचं, हे घरी सांगितलं.

---

विश्रामबाग_सांगली

मी समर्थांच्या सांप्रदायातला. चाफळ, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, इकडे बहे आणि शिराळा, अकराही मारुतींचं दर्शन घेतलेलं आहे. माकडाशी नातं सांगितल्याचा मला राग येत नाही, येण्याचं कारणही नाही. जीव योनी-योनींतून फिरतो असं मानणाऱ्या घरात वाढलेल्याला सगळ्या जिवांचं एक गोत्र पचायला जड जात नाही.

माझी शंका वेगळी. वर्तमानपत्रात छापतात, माणूस आणि चिंपांझी ९९ टक्के सारखे. मग वाणी, लिहिणं, हिशेब, भक्ती, विवेक, एवढं सगळं उरलेल्या एका टक्क्यात बसलं का? मला हे पटत नाही. मास्तरांनी किंवा कोणी जाणकाराने नीट उलगडून सांगावं.

---

कराडची_लेक

काका, मी कराडला जैवतंत्रज्ञान शिकतेय, प्रयत्न करते.

आपल्या गुणसूत्रांच्या एका संचात डीएनएची साधारण ३०० कोटी अक्षरं असतात. चिंपांझीचा आराखडा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि माणसाशेजारी ठेवून वाचला गेला. जिथे दोन्ही ओळी समोरासमोर जुळवता येतात तिथे सुमारे १.२ टक्के अक्षरं वेगळी निघाली. टक्का लहान वाटतो, पण ती साडेतीन कोटी अक्षरं आहेत. शिवाय सुमारे ५० लाख ठिकाणी एकाकडे तुकडा आहे आणि दुसऱ्याकडे नाही, ते या १.२ मध्ये धरलेलं नाही. तेही धरलं तर फरक बराच वाढतो. २०२५ मध्ये चिंपांझी, बोनोबो, गोरिला, दोन ओरांगउटान आणि एक गिबन यांचे टोकापासून टोकापर्यंत पूर्ण आराखडे आले, त्यात तर असे मोठे पट्टे दिसले की जे एकमेकांशी धड जुळवताच येत नाहीत. म्हणून "९९ टक्के" हा आकडा कशाची मोजणी केली हे सांगितल्याशिवाय वापरूच नये असं मला वाटतं. नात्यांचा क्रम मात्र कशीही मोजणी करा, तोच येतो.

दुसरं असं की अक्षर बदलण्याइतकंच, कोणतं जनुक कधी, कुठे आणि किती वेळ चालू राहतं याला महत्त्व आहे. मेंदूचंच घ्या. माणसाचं बाळ जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू मोठेपणीच्या मेंदूच्या एक तृतीयांशाहूनही लहान असतो. बाकीची वाढ बाहेर, माणसांच्या गराड्यात, बोलणं ऐकत होते.

---

माणदेशी_मास्तर

छान मांडलंस, बाळ. काकांच्या शंकेला माझी एक पुरवणी. वाणी आणि विवेक नुसत्या जनुकात शोधू नयेत. जनुकांनी शिकण्याची ताकद दिली, आणि शिकलेलं पुढच्या पिढीकडे देण्याची सोय झाली. याची सुरुवातसुद्धा एकट्या माणसात झालेली नाही.

चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल १९६० मध्ये टांझानियातल्या गोंबेला गेल्या, वय २६, हातात पदवी नव्हती. त्याच वर्षी त्यांनी पाहिलं की एक चिंपांझी वाळवीच्या वारुळाच्या भोकात गवताची काडी घालतोय, काडीला चिकटलेली वाळवी ओठांनी टिपून खातोय. काही वेळा पानं असलेली डहाळी मोडून, पानं ओरबाडून काढून ती काडी करायचा. तोवर हत्यार बनवणारा प्राणी म्हणजे माणूस अशी व्याख्याच होती. आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेकडच्या काही जंगलांत चिंपांझी दगडाने कवचाची फळं फोडतात, आणि पोरं आईजवळ बसून ते कित्येक वर्षं शिकतात. गोंबेत दगडाने फळं फोडत नाहीत. एकाच जातीत मुलखागणिक रीत वेगळी. गुडॉल २०२५ च्या ऑक्टोबरात गेल्या. शेवटच्या काळातही त्या जगभर फिरून बोलतच होत्या.

त्यांनी चिंपांझींचं वाईटही लपवलं नाही, याचा मला विशेष आदर वाटतो. गोंबेतला एक समूह फुटला आणि १९७४ ते १९७८ मध्ये मोठ्या गटातल्या नरांनी फुटून गेलेल्या गटातले नर एकेक करून मारले. ज्यांच्यासोबत वाढले त्यांनाच. उलट काँगो नदीच्या दक्षिणेला बोनोबो राहतात, त्यांच्यात माद्यांची एकजूट मोठी आणि अशी टोळीयुद्धं दिसलेली नाहीत. दोघांशी आपलं नातं सारख्याच अंतराचं. त्यामुळे "माणूस मुळातच हिंसक" किंवा "मुळातच प्रेमळ" असं यातल्या एकाच जातीकडे बोट दाखवून सिद्ध करता येत नाही.

---

विश्रामबाग_सांगली

समाधान झालं. "मोजणी कशाची ते सांगा" हा मुद्दा फार पटला. कराडच्या मुलीला आशीर्वाद.

---

अंगणवाडीताई_आटपाडी

मला आईपणाचं विचारायचं आहे. अंगणवाडीत दोन मुलांत अंतर ठेवा हे सांगून घसा कोरडा पडतो. एपांमध्ये किती अंतर असतं?

---

कराडची_लेक

ताई, ओरांगउटान सगळ्यात पुढे. मादी साधारण सात-आठ वर्षांनी एकदा पिल्लू देते, आणि तेवढा काळ पिल्लू जवळजवळ तिच्या अंगावरच वाढतं. वडील सांभाळायला नसतात, सगळं एकटी करते. चिंपांझीत अंतर पाच-सहा वर्षांचं, गोरिलात चारेक. सगळीकडे लांबणारं स्तनपान हेच मोठं कारण. म्हणूनच एक मादी मारली गेली तर तो तोटा भरून यायला इतकी वर्षं लागतात. ओरांगउटानच्या तिन्ही जाती आज अतिसंकटग्रस्त यादीत आहेत. तिसरी, तापानुली, तर २०१७ मध्येच वेगळी जात म्हणून ओळखली गेली.

माणसात मूल लवकर होऊ शकतं, कारण आजी, मावशी, थोरली बहीण असे सांभाळायला हात असतात. ओरांगउटानला ते नाहीत.

---

अंगणवाडीताई_आटपाडी

हे मी बायकांच्या बैठकीत सांगणार. आजीचा मुद्दा तर नक्की.

---

दगडधोंडे

भूशास्त्राचा विद्यार्थी होतो, म्हणून एक भर. "आपल्या सह्याद्रीत एपांचे जीवाश्म का सापडत नाहीत" असं मला विचारलं जातं. सज्जनगड, अजिंक्यतारा, वासोटा, सगळा काळा दगड हा लाव्हा आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या वेळी एप नव्हतेच, त्यांची शाखा निघायला अजून चार कोटी वर्षं होती. आणि तापलेल्या लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. एपांची हाडं टिकायला नदीने आणून टाकलेला गाळ हवा, आणि तोही योग्य काळातला.

तसा गाळ आपल्या देशात शिवालिक टेकड्यांत आहे, आणि तिथे सापडलेली हाडं जगाच्या पुस्तकात गेलीत. १९३२ मध्ये हिमाचलातल्या हरितल्यांगरजवळ येल विद्यापीठाच्या लुईस नावाच्या तरुणाला जबड्याचा तुकडा मिळाला. त्याने त्याला 'रामापिथेकस' नाव दिलं. आमच्या वडिलांच्या पिढीने शाळेत हाच माणसाचा पहिला पूर्वज म्हणून पाठ केला. तेव्हा हातात जबडे आणि दात एवढंच होतं. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर त्याच्या भाऊबंदाची, शिवापिथेकसची, चेहऱ्यासकट कवटी मिळाली. १९८२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. डोळ्यांच्या उंच लंबगोल खोबणी, त्यांतलं कमी अंतर, नाकाखालचा भाग, सगळं ओरांगउटानच्या वळणाचं. मग रामापिथेकस वेगळा उरलाच नाही, तो शिवापिथेकसमध्ये धरला गेला आणि माणसाच्या वंशातून बाहेर पडला. एवढा गाजलेला पूर्वज नवा पुरावा आल्यावर यादीतून काढला, ही विज्ञानाची रीत मला फार आवडते.

आणि एक ताजं : जम्मूतल्या रामनगरला एक दाढ मिळाली, सुमारे १.३ कोटी वर्षांपूर्वीची. २०२० मध्ये तिला 'कपी रामनगरेन्सिस' नाव दिलं. गिबनच्या घराण्याचा तो आजवरचा सर्वांत जुन्या जीवाश्मांपैकी एक मानला जातो.

---

माजी_फौजी_सातारा

गिबनचा विषय निघाला म्हणून लिहितो. नोकरीत आसामात जोरहाटला होतो. तिथे होल्लोंगापार गिबन अभयारण्य आहे. भारतात जंगलात राहणारा एप एकच, हुलॉक गिबन, आणि तो या ईशान्य भागातच.

पहाटे उजाडल्यावर नर-मादी मिळून गातात. सुरुवात हूऽ हूऽ अशी सावकाश, मग चढत जाते, दुसऱ्या झाडावरून दुसरं कुटुंब उत्तर देतं, आणि सगळं रान घुमतं. दोन-तीन किलोमीटरवरून ऐकू येतं. नर काळाभोर, भुवया पांढऱ्या. मादी फिकट तपकिरी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं दोन वेगळ्या जाती आहेत. हात पायांपेक्षा कितीतरी लांब. फांदी पकडून झोका घेतात, मध्ये क्षणभर दोन्ही हात सुटलेले असतात.

अभयारण्य जेमतेम २१ चौरस किलोमीटर आणि मधून रेल्वेचा रूळ जातो. हा प्राणी जमिनीवर उतरत नाही म्हटलं तरी चालेल. रुळावर दोन्हीकडच्या फांद्या भिडत नाहीत, म्हणजे इकडची कुटुंबं इकडे, तिकडची तिकडे. वरून दोरांचे पूल बांधलेत, झाडं लावलीत. गिबनला लांबच्या लांब जंगल नाही, वरून सलग फांद्या हव्यात, हे तिथल्या वनरक्षकाने मला समजावलं होतं.

---

कोयनाकाठ

फौजी साहेब, आमच्या घाटात रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूची झाडं गेली. तिथं वानरं आता डांबरावरून रस्ता ओलांडतात आणि गाड्यांखाली येतात. दोरांचे पूल इकडंही चालतील का?

---

माजी_फौजी_सातारा

चालायला हरकत नसावी. वानर जमिनीवरूनही जातं, पण वरून वाट मिळाली तर ते वरूनच जाईल. वनखात्याकडे अर्ज द्या, ठिकाणाचे फोटो जोडा. कोणत्या वळणावर जास्त मरतात त्याची नोंद गावातल्या पोरांनी ठेवली तर अर्जाला वजन येईल.

---

मिरजकर_फिजिओ

रक्तगटाचं राहिलं. आपला ए-बी-ओ रक्तगट एपांमध्येही आहे. चिंपांझी बहुतेक ए, थोडे ओ, गोरिला बी. म्हणजे हे प्रकार माणूस माणूस होण्याच्या आधीपासूनचे आहेत.

जवळिकीची दुसरी बाजू आजारांची. एचआयव्हीचा जगभर पसरलेला प्रकार चिंपांझीमधल्या विषाणूपासून आला, आणि मलेरियाचा सगळ्यात घातक परजीवी गोरिलाकडून. उलट दिशेनेही होतं : आपली साधी सर्दी पहाडी गोरिलाच्या कळपात न्यूमोनिया होऊन जाते. म्हणून त्यांना बघायला जाणाऱ्यांना ठरावीक अंतर राखावं लागतं आणि आजारी माणसाला सोडत नाहीत. महाबळेश्वरला माकडाला हातातला अर्धा वडापाव देणाऱ्यांनी हे वाचावं. त्यांनाही आपले आजार होतात, आणि ते चावले तर रेबीजची लस घ्यावीच लागते.

---

कराडची_लेक

मास्तर, हे सगळं वाचून मोठे एप प्रत्यक्ष बघावेसे वाटतायत. जवळ कुठे?

---

माणदेशी_मास्तर

म्हैसूर. तिथल्या प्राणीसंग्रहालयात २०२१ मध्ये जर्मनीहून दोन नर गोरिला आले. चिंपांझी आणि ओरांगउटानही आहेत. मिरजेहून म्हैसूरला थेट रेल्वे आहे. शाळेची सहल न्यायचा माझा विचार चालू आहे, पालकांशी बोलणं झालं की इथे कळवतो.

जाण्याआधी मुलांना सज्जनगडावर नेऊन वानरं अर्धा तास शांतपणे बघायला लावणार : चालताना तळवा टेकतो की पेरं, बसल्यावर छाती कशी दिसते, हात डोक्यावर किती जातो, पिल्लू पोटाला धरून असतं की पाठीवर. हीच नोंद म्हैसूरला प्रत्येक एपासमोर. चिंपांझी आणि गोरिला पेरांवर चालतात, ओरांगउटान बहुधा मुठीवर, हा फरक तिथे उभं राहून स्पष्ट दिसतो. काचेवर टकटक करायची नाही आणि खायला काही न्यायचं नाही, हे सहलीच्या पत्रातच लिहितो. कोणी स्वतः जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा : संग्रहालय मंगळवारी बंद असतं.